सोप्यातली बाभळ

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी तामलवाडीला आले, तेव्हा शाळूची ज्वारी कमरेला लागली होती. लढाईचे दिवस होते. लढाई आमच्यापासून फार लांब होती, रॉकेल मिळेनासं झालं आणि सोलापूरची मोटार कोळशावर धावायला लागली एवढीच तिची ओळख. सोलापूर इंग्रजाचं आणि आमचं गाव निजामाचं, मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. सोलापुराहून साखरेचा पुडा आणला तरी नाक्यावर तो उघडून दाखवावा लागायचा.

माझ्या वडिलांचं गावात किराणाचं आणि भुसाराचं दुकान होतं. आम्ही लिंगायत. घरात अर्धं कानडी अर्धं मराठी चालायचं. आईला मी अव्वा म्हणायची, वडिलांना आप्पा. माझ्या आधीची अव्वाची दोन बाळं जन्मतानाच गेली होती. गावातली सुईण चांगली होती, पण आप्पांच्या मनातून ते कधी गेलं नाही. त्यात माझ्या पायांवर सूज दिसायला लागली. मग त्यांनी कुणाला न विचारता सोलापूर गाठलं आणि तिथल्या मिशनच्या दवाखान्यात बोलून एक नर्सबाई ठरवून आले. बाळंतपण होईपर्यंत बाई आमच्याकडंच राहणार होत्या.

त्या आल्या त्या दिवशी अव्वा जरा गप्पगप्प होती. नर्सबाई चाळिशीच्या, उंच, सावळ्या, पांढरं स्वच्छ पातळ नेसलेल्या. मूळच्या नगरकडच्या. बोलणं ठणठणीत. आल्या आल्या त्यांनी माझे पाय बोटांनी दाबून पाहिले, लाकडी नरसाळ्यासारखं एक नळकांडं पोटावर टेकवून कान लावला आणि म्हणाल्या, "आत मजेत आहे. पाण्यात बसलेल्या म्हशीसारखं निवांत." अव्वाला हसू आलं, पण तिनं ते पदरात दाबलं.

अव्वाची अडचण मला ठाऊक होती. बाई ख्रिस्ती. ख्रिस्ती होण्याआधी त्यांचं घराणं कुठल्या वस्तीतलं, हे अव्वानं विचारलं नाही, पण गावाबाहेरच्याच असणार असं मनाशी धरून चालली. तिनं बाईंचं अंथरूण बाहेरच्या सोप्यात घातलं. पाण्याचा तांब्या वेगळा, ताटली वेगळी. बाई सोप्यात जेवायच्या, ताटली स्वतः विसळून कोनाड्यात पालथी ठेवायच्या. त्यांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. मला मात्र जेवण जात नसे. एकदा मी अव्वाला म्हणाले, "माझ्या पोटाला त्यांचा हात चालतो, मग भाकरीला का चालत न्हाय?" अव्वा म्हणाली, "तू गरवार हायस, डोकं शिणवू नगं."

बाळ दिवस भरले तरी यायचं नाव घेईना. बाई रोज नळकांडं लावायच्या, हसायच्या आणि म्हणायच्या, "घाई नाही त्याला." एका संध्याकाळी मी अंगणात शतपावली करत होते. बाई कट्ट्यावर बसून आप्पांच्या दुकानातल्या पुडीच्या कागदाची घडी घालून कात्री चालवत होत्या. घडी उलगडली तर चांदणी झाली. पाच टोकांची, नीटस.

मी विचारलं, "हे कशाला?"

"हाताला सवय आहे. आमचा नाताळ आला ना जवळ. दर साली माझ्या बहिणीच्या घरी झाड मी सजवते. तिची पोरं माझ्या मागं कागद घेऊन फिरतात." त्यांनी चांदणी माझ्या हातात दिली. "ह्या साली त्यांची आई सजवील. तिला जमत नाही, सगळं एका बाजूला लावते."

"मग तुम्ही एक दिवस जाऊन या की."

"आणि मी नाक्यापलीकडं गेले अन् हे म्हशीचं रेडकू उठलं तर?" त्या म्हणाल्या. "माझ्या बहिणीची पोरं कुठं पळून जात नाहीत."

रात्रीच्या जेवणाआधी मी हे अव्वाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापता तिचा हात थांबला. ती म्हणाली, "आपल्यापायी बाईचा सण बुडतोय?"

"बुडतोयच म्हणायचा."

अव्वाला सोवळंओवळं होतं, पण त्याहून एक मोठी गोष्ट तिच्या मनात पक्की होती. आपल्या दारात आलेल्या माणसाचा सण बुडवू नये. आमच्याकडं काम करणाऱ्या पिंजाऱ्याला ती ईदेला न मागता शिरखुर्म्याचं दूध पाठवायची. आप्पा जेवायला बसले तेव्हा तिनं त्यांना सांगून टाकलं, "बाईंचा नाताळ हितं करायचा. कसा करत्यात ते त्यांना विचारा."

आप्पा घास घेता घेता म्हणाले, "तूच विचार. बायकांचं काम हाय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी अव्वा सोप्याच्या उंबऱ्यावर बसली आणि बाईंना विचारलं, "नर्सबाई, तुमच्या सणाला काय काय लागतं?"

बाई आधी नको नको म्हणाल्या. मग त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी खोकल्याचं निमित्त करून पुसले, आणि सांगायला लागल्या. एक झाड लागतं. बारमाही हिरवं, वर निमुळतं, खाली घेरदार. त्याला चांदण्या लावायच्या, रंगीत कागदाच्या साखळ्या, घंटा, मेणबत्त्या. फराळाला करंज्या, शंकरपाळी. आणि भजन.

"फराळ आन् भजन तर आमच्यासारखंच की," अव्वा म्हणाली. "झाड तेवढं येगळं."

झाडाचं काम आमच्या सालगड्यावर पडलं. हा गडी आप्पांपेक्षाही वयानं मोठा, मी जन्मले तेव्हापासून घरात. त्यानं बाईंचं वर्णन डोळे मिटून ऐकलं आणि दुपारी तुरीचं एक झाड मुळासकट उपटून खांद्यावरून आणलं. शेंगांनी लगडलेलं.

"वर निमुळतं हाय, हिरवं हाय," तो म्हणाला. "सण झाला की शेंगा सोलून आमटी करता येईल."

बाई खूप हसल्या. झाड छान होतं, पण चांदणी लावली की फांदी मान टाकायची. शेंगांचं ओझंच तिला पुरे होतं. त्या रात्री आम्ही हिरव्या तुरीची आमटी खाल्ली.

मग गड्यानं ओढ्याकाठची एक कोवळी बाभळ तोडून आणली. माणसाच्या डोक्याहून थोडी उंच, बारीक पानांची आणि बोटाएवढ्या पांढऱ्या काट्यांची. बाईंना ती पाहताक्षणी आवडली. अव्वा मात्र दारातच आडवी उभी राहिली.

"बाभळ घरात? गरवार पोरीच्या डोळ्यापुढं काटं? न्हाय जमायचं. काटं घरात आलं की भांडण येतं."

बाई हळूच म्हणाल्या, "अक्का, आमच्या देवाला काट्यांची सवय आहे. पण तुमच्या मनात नसेल तर राहू द्या."

आप्पा नुकतेच लिंगपूजा उरकून बाहेर आले होते, कपाळावरची विभूती अजून ओली होती. ते अव्वाला म्हणाले, "अगं, रोज सकाळी देवाला बेल वाहतो मी. त्या बेलाच्या झाडाला काय मऊ केस असत्यात का? काटंच असत्यात. एकदा तळहातात घुसला तर दोन दिवस ठणकलं."

अव्वानं जरा विचार केला. मग दारातून बाजूला सरली. "सोप्यात ठेवा. आत न्हाय आणायची," एवढंच म्हणाली. गड्यानं डाळीच्या रिकाम्या डब्यात माती दाबून बाभळ उभी केली.

आप्पा दुकानाच्या मालासाठी सोलापूरला जाणारच होते. येताना त्यांनी कुणाला न सांगता पतंगाचा लाल-हिरवा कागद, सोनेरी बेगड आणि मेणबत्त्यांचा एक पुडा आणला. नाक्यावर काय झालं ते त्यांनी घरी येऊन सांगितलं. तिथला जवान आप्पांना ओळखणारा. त्यानं पिशवी उघडून बेगड उन्हात धरली आणि म्हणाला, "क्या शेटजी, घर में शादी है क्या?"

"शादी नहीं. झाड सजाने का है."

"झाड? कायकू?"

आप्पांचं हिंदुस्तानी दुकानापुरतं. त्यांनी जमेल तसं सांगितलं, की दवाखान्याच्या बाई आहेत, त्यांच्या येशूचा जन्म आहे, म्हणून झाड. जवानाला वाटलं शेटजी थट्टा करतात. "मैं खुद आ के देखूंगा," तो म्हणाला आणि पिशवी परत दिली.

सजावटीला आम्ही दुपारच्या उन्हात बसलो. मला वाकता येत नव्हतं म्हणून भिंतीला टेकून पाय लांब केले आणि माझ्याकडं कागदाच्या साखळ्यांचं काम आलं. बाई बेगडीच्या चांदण्या कापत होत्या. गडी आतून पोळ्याचं गाठोडं घेऊन आला. त्यात बैलांच्या शिंगांचे लोकरी गोंडे होते, घुंगरांची माळ होती. बाईंनी एकेक गोंडा फांदीला बांधला. घुंगरं खालच्या फांदीला लागली. बैलांचा साज पाहून गड्याला एवढं बरं वाटलं की तो झाडाभोवती फिरून फिरून पाहायला लागला, जणू ते झाड आता ओढायला जुंपायचं होतं.

मग बाई म्हणाल्या, "थोडा कापूस असेल तर द्या. आमच्यात बर्फ म्हणून फांद्यांवर ठेवतात."

गड्यानं विचारलं, "बर्फ म्हंजी?"

"आकाशातून पडतो तो. पांढरा. गारांसारखा म्हणा."

गड्याचा चेहरा उतरला. तो अदबीनं म्हणाला, "बाई, बाकी काय बी लावा. गारा नगं. ज्वारी हुबी हाय, गहू हाय. घरात गारा मांडल्या आन् खरंच पडल्या तर?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "त्याचं खरं आहे." आमच्याकडं गारांचं नाव सुगीच्या आधी कुणी काढत नाही. बाईंनी कापूस बाजूला ठेवला, पण झाड त्यांना अजून उघडं वाटत होतं. तेव्हा अव्वा आत गेली. थोड्या वेळानं खापरावर ज्वारी फुटल्याचा तडतड आवाज यायला लागला. ती सूपभर लाह्या घेऊन बाहेर आली, झाडापुढं उभी राहिली आणि एक लाही काट्याच्या टोकावर टोचली. मग दुसरी.

आम्ही सगळेच मग लाह्या टोचायला लागलो. बाभळीला किती काटे असतात ते त्या दिवशी कळलं. गड्याच्या जाड बोटांत लाही चुरडून जायची, तो ती तोंडात टाकायचा आणि दुसरी घ्यायचा. मला बसल्या जागेवरून हात पुरतील तेवढ्या फांद्या दिल्या. ऊन उतरेपर्यंत सगळी बाभळ पांढऱ्या फुलांनी बहरल्यासारखी झाली. बाई चार पावलं मागं जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "एवढी झाडं सजवली, असलं कधी पाहिलं नव्हतं."

"एका बाजूला जास्त झालंय," अव्वा म्हणाली. ती माझी बाजू होती.

करंज्यांचा प्रश्न नाताळाच्या आदल्या दिवशी आला. बाईंना स्वतःच्या हातानं करायच्या होत्या, आणि आमच्या चुलीपाशी त्यांना जाता येत नव्हतं. त्यांनीच वाट काढली. अंगणात तीन दगडांची चूल मांडली, आप्पांकडून रवा, गूळ, खोबरं, करडईचं तेल मागून घेतलं आणि एकट्या बसल्या. मी खाटेवरून पाहत होते. त्यांचं सारण सुरेख झालं होतं, वेलदोड्याचा वास साऱ्या अंगणात होता. पण करंजीच्या कडा त्यांना मुरडता येत नव्हत्या. त्या नुसत्या दाबून बंद करायच्या. पहिलीच करंजी तेलात उकलली, दुसरीही उकलली, आणि खोबरं करपायला लागलं.

अव्वा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. तिची मुरड गावात नावाजलेली. लग्नघरी तिला खास बोलावून न्यायचे. तिसरी करंजी फुटली तेव्हा तिला राहवलं नाही. ती पदर खोचत बाहेर आली, बाईंच्या समोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आणा हिकडं. माल वाया चाललाय."

बाई लाटायच्या, सारण भरायच्या, अव्वा मुरडायची. मधूनच अव्वा कानडीत पुटपुटली, तशा बाई म्हणाल्या, "मला येतं थोडं कानडी. सोलापुरात राहते मी." अव्वा चपापली. मग दोघी हसल्या. मला आजतागायत ठाऊक नाही अव्वा काय म्हणाली होती.

परात भरल्यावर बाईंनी एक करंजी पळसाच्या पानावर ठेवली आणि अव्वापुढं सरकवली. सरकवली आणि लगेच नजर वळवून चूल विझवायला लागल्या, म्हणजे अव्वाला नको असेल तर नको म्हणायची लाज वाटू नये. अव्वा पानाकडं बघत बसली. गडी दावणीपाशी उभा होता, आप्पा दुकानाच्या दारात. तिनं करंजी उचलली, मोडली, अर्धी खाल्ली आणि म्हणाली, "मीठ कणभर कमी पडलं." मग उरलेली अर्धीही खाल्ली.

त्यानंतर सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी बाई पुन्हा सोप्यातच जेवल्या, ताटली कोनाड्यातच राहिली. पण अव्वा जेवताना उंबऱ्यावर येऊन बसली आणि दोघी करंज्यांवर बोलत राहिल्या.

नाताळाच्या संध्याकाळी बाईंनी मेणबत्त्या झाडावर लावू दिल्या नाहीत. बाभळ सुकायला लागली होती, आग लागली तर मला पळता आलं नसतं. आम्ही त्या खाली डब्याभोवती मांडल्या, आणि अव्वानं त्यांच्यामधे करडईच्या तेलाच्या पणत्या लावल्या. लाह्या खालून उजळल्या. बाईंनी भजन म्हटलं. शब्द नवे होते, पण चाल जात्यावरच्या ओवीसारखी, म्हणून दुसऱ्या कडव्यापासून अव्वा आणि मी सूर धरला. गड्यानं टाळ वाजवले.

भजन चालू असताना नाक्यावरचा जवान खरंच आला. डोक्यावरची टोपी सारखी करत दारात उभा राहिला आणि झाडाकडं बघत राहिला. हातात रुमालात बांधलेले पेरू होते.

"शेटजी, सच बोले थे आप," तो म्हणाला.

आप्पांनी त्याला बसवलं, करंज्या दिल्या. त्यानं बाईंना विचारलं, "ये ईसा की सालगिरह है ना?"

"हो," बाई म्हणाल्या.

"ईसा तो हमारे भी पैगंबर हैं. बीबी मरियम के बेटे." त्यानं एक पेरू झाडाच्या बुंध्याशी ठेवला आणि बाकीचे माझ्या ओटीजवळ. "ये आनेवाले के वास्ते."

आप्पांना हे नवीनच होतं. ते बराच वेळ त्याला विचारत बसले, आणि जवान तोंडात करंजी ठेवून आपल्या परीनं सांगत राहिला. मला एवढंच आठवतं की आमच्या सोप्यात त्या दिवशी हसणं फार झालं, आणि हसता हसता माझं पोट दुखलं तेव्हा सगळे एकदम माझ्याकडं वळले. बाईंनी हात ठेवून पाहिलं आणि म्हणाल्या, "काही नाही. जास्त करंज्या खाल्ल्यात."

सगळ्यांची खात्री होती की बाळ नाताळालाच येणार. बाळ आलं नाही. सण गेला, करंज्या संपल्या, पणत्या धुऊन ठेवल्या गेल्या, आणि मग एका दुपारी मी धुणं वाळत घालताना कळा सुरू झाल्या. ते सगळं मी सांगत नाही. बाई होत्या म्हणून निभावलं, एवढं खरं. मूल पायाळू होतं. बाईंचा ठणठणीत आवाज तेव्हा अगदी हळू झाला होता, आणि त्या मला जे सांगतील ते मी करत गेले. दिवस कलायच्या आत मुलगी झाली. रडली नाही, मग बाईंनी तिला उलटं धरून पाठीवर थापट्या मारल्या आणि ती अशी रडली की बाहेर आप्पा खाली बसले.

अव्वानं बाईंना चहा आणून दिला तो स्वतःच्या पेल्यात. बाईंचे हात बाळात गुंतले होते म्हणून पेला अव्वानंच त्यांच्या ओठाला लावला. त्या रात्रीपासून बाई आत, माझ्या खाटेजवळ झोपल्या आणि आमच्याबरोबर आमच्या ताटांत जेवल्या. अव्वाची एक चुलत जाऊ त्यावरून बोलायला आली होती, तिला अव्वानं बाळ दाखवलं आणि परत पाठवलं.

बाभळ तोवर वाळून खडंग झाली होती. पानं गळून सोप्यात पडायची. बाई म्हणाल्या, आता चुलीत घाला, बाळंतिणीचं पाणी तापेल. अव्वाला ते पटेना. "सणाचं झाड जाळायचं? त्याचं विसर्जन करायला पाहिजे." ओढ्याला पाणी नव्हतं. विहिरीत टाकलं तर विहीर घाण. दोघींचा वाद चालला होता तेवढ्यात गडी म्हणाला, "मला द्या. ज्वारीची कणसं भरायला लागली की पाखरं येणारच. बुजगावणं हुईल." त्यानं बाभळ डब्यासकट नेऊन रस्त्याकडच्या रानात उभी केली. बेगडीच्या चांदण्या आणि लाह्या तिच्यावर तशाच होत्या.

बाई जायच्या दिवशी अव्वानं त्यांना इरकली लुगडं दिलं आणि डबाभर करंज्या, या वेळी सगळ्या तिच्या हातच्या. मी बाळाला घेऊन दारापर्यंतच गेले, त्यापुढं मला जायची परवानगी नव्हती. आप्पा त्यांना मोटारीपर्यंत पोचवून आले. त्यांनी सांगितलं, की मोटार धूर सोडत निघाली तेव्हा बाईंनी खिडकीतून ज्वारीत चमकणारं झाड पाहिलं आणि शेजारच्या बाईला ते बोट करून दाखवत होत्या. त्यावर एक होला बसला होता. लाह्या टिपत होता.

"पाखरं भ्यायली न्हाईत तर," अव्वा म्हणाली.

"न्हाय," आप्पा म्हणाले, "पण कणसं सोडून लाह्या खात होतं. त्ये बी चालतंय."